रात्रपाळीला एकटाच माणूस ठेवताय? मालक आणि सुपरवायझरने आधी करायची कामं

रात्री दोन वाजता ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) पॅनेलजवळ तुमचा ऑपरेटर पडला, तर ते कुणाला आणि किती वाजता कळेल? उत्तर मिनिटांत द्या. "सकाळी सातला पहिली पाळी आली की कळेल" असं उत्तर असेल, तर तो माणूस पाच तास जमिनीवर पडून राहणार आहे. हृदय बंद पडलं तर मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर हातात तेवढाच वेळ असतो. पाय मोडला किंवा साप चावला तर तास-दोन तास मिळतात, पण पाच नाही.

एकटं काम करणं हा गुन्हा नाही आणि ते सगळीकडे टाळताही येत नाही. मालकाची जबाबदारी दोन गोष्टींची आहे: पडल्यापासून मदत पोहोचेपर्यंतचा वेळ कमी करायचा, आणि जे संकट त्या वेळाच्या आत माणसाला मारतं ते काम एकट्याला द्यायचंच नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे. उदाहरणं एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची घेतली आहेत, पण कोल्ड स्टोरेज, पाणीपुरवठ्याचं पंपघर, वायनरी, गोदाम किंवा मोठी सोसायटी इथेही हेच लागू पडतं.

एकटा कोण, ते आधी मोजा

हजेरीपट बघून हे कळत नाही. पाळीला तीन जण असतात, पण एक बॉयलरवर, दुसरा ईटीपीला, तिसरा गेटवर. म्हणजे तिघेही एकटे. कसोटी सोपी आहे: ओरडलं तर दुसऱ्याला ऐकू जातं का? ही कसोटी रात्री, कॉम्प्रेसर आणि ब्लोअर चालू असताना प्रत्यक्ष घ्या. एकाला कामाच्या जागी उभं करून जोरात हाक मारायला लावा, दुसऱ्याला जवळच्या माणसाच्या जागी उभं करा. दिवसा शांततेत ऐकू येणारी हाक रात्री डीजी सेट (डिझेल जनरेटर) चालू असताना वीस फुटांवरही पोहोचत नाही.

यादी करताना ही माणसं हमखास सुटतात: पहाटे साडेपाचला शटर उघडणारा, रविवारी "तासाभराचं काम आहे" म्हणून बोलावलेला मेंटेनन्सवाला, एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) येणारा लिफ्टचा किंवा चिलरचा टेक्निशियन, पेस्ट कंट्रोलवाला, गच्चीवरच्या टाकीपाशी जाणारा प्लंबर. शिवाय दोघांच्या पाळीतला जोडीदार चहाला किंवा रजेवर गेला की उरलेला माणूस. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: जागा, वेळ, काय काम, आणि त्या कामात सगळ्यात वाईट काय होऊ शकतं. शेवटचा रकाना भरताना त्या जागेवर काम करणाऱ्यालाच विचारा. पंपाचा कुठला व्हॉल्व्ह शिडीवर चढून एका हाताने फिरवावा लागतो, हे त्याला माहीत असतं, ऑफिसला नसतं.

एकट्याने करायचीच नाहीत अशी कामं

काही कामांना फोन, अॅप, सायरन यांतलं काहीच पुरत नाही, कारण इजा मिनिटांत जीव घेते. तिथे दुसरा माणूस समोर हवा:

- टाकी, चेंबर, सम्प, सायलो, विहीर, रिअॅक्टर यांत उतरणं.
- पॅनेल उघडून आत हात घालणं किंवा चालू विजेजवळचं कुठलंही काम.
- गार्ड काढून यंत्र फिरवणं. पट्टा, रोलर, स्क्रू कन्व्हेयर यांत अडकलेला माल काढणं.
- पत्र्यावर, शेडवर, उंच शिडीवर किंवा मचाणावर चढणं.
- ॲसिड, कॉस्टिक किंवा क्लोरीनचा सिलिंडर बदलणं, गळती शोधणं.
- उघड्या खोल टाकीच्या काठाशी काम, विशेषतः एअरेशन टँक. हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या त्या पाण्यात शरीर नीट तरंगत नाही, त्यामुळे पोहता येणाराही वर राहू शकत नाही.

ही यादी त्या-त्या जागेवर मोठ्या अक्षरांत लावा आणि खाली मालकाच्या सहीने एक वाक्य लिहा: "यातलं काम निघालं तर यंत्र बंद ठेवा, फोन करा, सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल." हे वाक्य गाळू नका. रात्री पंप बंद पडला की ऑपरेटरच्या डोक्यात एकच विचार असतो: सकाळी साहेब ओरडतील. त्या धाकापायी तो गार्ड काढतो. तोंडी "जपून कर रे" म्हणून धाक जात नाही. उत्पादन थांबल्याचं नुकसान मालकाने आपल्याकडे घेतलंय हे कागदावर दिसावं लागतं. आणि तसं कुणी खरंच थांबवलं, तर सकाळी त्याला एक शब्दही बोलायचा नाही. एकदा बोललात की तो कागद रद्दी झाला.

ट्रिप झालेल्या ब्रेकरचाही नियम ठरवा, कारण रात्री सगळ्यात जास्त हेच घडतं. दार बंद ठेवून, बाहेरच्या हँडलने, एकदाच रीसेट करायचं. पुन्हा ट्रिप झालं तर हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा उडणारा ब्रेकर आत दोष असल्याचं सांगतो. तिसऱ्यांदा जबरदस्तीने चढवताना पॅनेलच्या तोंडाशी स्फोट होऊ शकतो. ऑपरेटर रोज हात लावतो त्या सगळ्या सर्किटवर, म्हणजे हँडलॅम्प, पोर्टेबल पंप, प्लग पॉइंट यांवर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून तारीख लिहा. बटण दाबून उडत नसेल तर तो नुसता डबा आहे.

मोटर दुरुस्तीला दिवसा दोघे असले तरी "फ्यूज काढून खिशात ठेवला" एवढ्यावर भागवू नका. आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, नावाची पाटी अडकवायची, मग टेस्टरने तपासायचं. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू लाइनवर. टेस्टरच बिघडलेला असतो तेव्हा बळी जातो. कॅपॅसिटर बँक आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बंद केल्यावरही चार्ज धरून असतात, म्हणून त्यांच्या पाटीवर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांबा.

खुशालीचा फोन

उरलेल्या कामांसाठी, म्हणजे फेरी, रीडिंग, पहारा, डोसिंग (ठरलेल्या मापाने रसायन सोडणं) यांसाठी, ठरलेल्या वेळी संपर्क हा कणा आहे. वरून सोपा वाटतो आणि बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांत मरतो. म्हणून तो नीट बांधा.

वेळ ठरवताना वर लिहिलेलं "सगळ्यात वाईट" बघा. नुसता पहारा असेल तर तासाला एक फोन, यंत्राजवळ वावर असेल तर अर्ध्या तासाला. पहाटे तीन ते पाच या वेळात अंतर निम्मं करा. त्या वेळी झोप सगळ्यात जड असते आणि पाय घसरतात. यंत्रावर चढण्याआधी किंवा आवाराच्या टोकाला जाण्याआधी जास्तीचा एक फोन आणि परत आल्यावर एक.

फोन कामगाराने करायचा, घेणारा मात्र जागा हवा. घरी झोपलेला सुपरवायझर हा घेणारा होऊ शकत नाही. पहिल्या आठवड्यात तो उठेल, चौथ्यात नाही. स्वतःच्या रात्रपाळीत फोन घेणारा दुसरा माणूस नसेल तर शेजारच्या चार-पाच युनिटनी मिळून एका गेटवर जागता माणूस ठेवावा आणि सगळ्यांचे फोन तिथे घ्यावेत. एमआयडीसीत शेजारी-शेजारी प्लॉट असल्याने हे सहज जमतं, आणि मदतीला धावणारा माणूसही पाच मिनिटांच्या अंतरावर मिळतो.

फोनवर "सगळं ठीक?" विचारू नका. "ठीक" हा शब्द झोपेतही तोंडातून येतो. त्याऐवजी रीडिंग विचारा: पीएच किती, कॉम्प्रेसरचं प्रेशर किती, टाकीची पातळी किती. त्याला जागेवर जाऊन बघावं लागतं, तुम्हाला तो शुद्धीवर आहे हे कळतं आणि लॉगबुकही भरतं.

फोन आला नाही तर काय, हे मिनिटांसह लिहून ठेवा:

१. ठरलेल्या वेळेनंतर ५ मिनिटांनी घेणाऱ्याने स्वतः फोन करायचा.
२. उचलला नाही तर २ मिनिटांनी पुन्हा, आणि त्या जागेवरच्या लँडलाइनवर किंवा इंटरकॉमवरही.
३. तरी उत्तर नाही, तर माणूस निघायचा. कुणाची परवानगी विचारायची नाही.
४. निघताना सुपरवायझरला आणि मालकाला कळवायचं. आग, वास किंवा धूर दिसला तर आधी ११२ किंवा १०१.

तिसऱ्या पायरीवर सगळं अडतं. "बाथरूमला गेला असेल", "फोन चार्जिंगला असेल" म्हणून घेणारा थांबतो. दहापैकी नऊ वेळा ते खरंही निघतं. म्हणून नऊ वेळा उगाच धावणं हा कामाचाच भाग आहे, असं मालकाने स्पष्ट सांगावं, आणि उगाच धावून आलेल्याला हसू नये, दमही देऊ नये. फोन विसरणाऱ्यालाही दंड करू नका. दंड सुरू झाला की लोक सुरक्षेसाठी नाही, दंड चुकवण्यासाठी फोन करतात. मग एकजण दोघांचे फोन करतो.

रजिस्टरही खोटं बोलतं. रात्री अकरालाच सकाळपर्यंतच्या वेळा भरून ठेवलेली पानं ओळखायला सोपी असतात: एकाच पेनची एकसारखी शाई आणि सगळ्या वेळा अगदी पूर्ण तासाच्या. खऱ्या नोंदीत ०२:०४, ०२:३३, ०३:०७ असं दिसतं. आठवड्यातून एकदा फोनची कॉल लिस्ट आणि रजिस्टर शेजारी ठेवून बघा.

पाळी संपल्यावरचा शेवटचा फोनही ठरवा. "निघालो" असा फोन नसेल तर तो आत आहे असंच धरायचं. पाळी बदलताना अपघात झाला तर दोन्हीकडच्यांना वाटतं, तो घरी गेला.

फोन, बटण आणि दोर

नेटवर्क गृहीत धरू नका. फोन हातात घेऊन पूर्ण फेरी मारा आणि जिथे रेंज जाते तिथे जमिनीवर पिवळा पट्टा ओढा. तळघर, पंपघर, कोल्ड रूम, पत्र्याची बंद शेड ही नेहमीची ठिकाणं. तिथे इंटरकॉम किंवा वॉकीटॉकी द्या. ऑपरेटरचा स्वतःचा, बॅटरी गेलेला, रिचार्ज संपलेला फोन ही तुमची यंत्रणा नव्हे. कंपनीचा बटणांचा साधा फोन, दोन बॅटऱ्या आणि पाळीच्या सुरुवातीला चार्ज तपासल्याची नोंद, एवढं पुरतं.

माणूस पडला किंवा ठरावीक वेळ हलला नाही की आपोआप इशारा देणारी उपकरणं मिळतात. काही मोबाइल अॅपही तसं करतात. ती उपयोगी आहेत, पण खुशालीच्या फोनची जागा घेत नाहीत. खुर्चीत स्थिर बसलेल्याला ती सारखी चुकीचे इशारे देतात, मग माणूस ती टेबलावर काढून ठेवतो. घ्यायची असतील तर आधी एका जागी महिनाभर वापरून संवेदनशीलता बसवा.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची गोष्ट म्हणजे सायरनचा दोर. बटण खांद्याच्या उंचीवर असतं आणि पडलेल्याचा हात तिथे पोहोचत नाही. म्हणून छतावरच्या स्विचपासून दोर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत सोडा. ईटीपी, पंपघर, कोल्ड रूम आणि संडास, चारही ठिकाणी. संडास ऐकून नवल वाटेल, पण छातीत दुखायला लागलेला माणूस अनेकदा पोटात गॅस झाला समजून तिकडेच जातो. त्या दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा.

कोल्ड रूमचं दार बाहेरून कुलूप असतानाही आतून उघडलं पाहिजे. आतली सुटकेची मूठ बर्फाने जाम होते, म्हणून ती आठवड्याला चालवून बघा. मुठीशेजारी अंधारात चमकणारी पट्टी आणि अलार्मचं बटण हवं. आणि काहीही झालं तरी माणसाला आत ठेवून गेटला किंवा शटरला बाहेरून कुलूप लावू नका. चोरीच्या भीतीने हे आजही होतं, आणि आग लागली की तीच शेड माणसासाठी सापळा ठरते.

टाकी: इथे थांबून वाचा

सगळ्यात जास्त घरं इथे उद्ध्वस्त होतात, आणि एकेका टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसं जातात. क्रम तोच असतो: एकजण उतरतो, कोसळतो, दुसरा त्याला काढायला धावतो, कोसळतो, तिसराही. म्हणून वर उभ्या असलेल्या माणसाला पहिला नियम हा शिकवा: तू कधीही आत जायचं नाहीस, आत तुझा सख्खा भाऊ असला तरी. तू वर राहिलास तरच दोर ओढणारा कुणी उरेल.

ईटीपीच्या गाळात आणि मळीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. सुमारे १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाक काही मिनिटांत बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. ७०० पीपीएमच्या वर काही श्वासांत शुद्ध हरपते. "आता वास येत नाही, उतर" हे वाक्य म्हणूनच जीव घेतं. नाशिककडच्या वायनऱ्यांत आंबणाऱ्या द्राक्षरसातून आणि जळगाव भागातल्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये फळांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याला वासच नाही आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तळाशी बसतो. विहिरीत किंवा सम्पमध्ये डिझेल-पेट्रोलचा पंप लावला की कार्बन मोनॉक्साइड भरतो.

कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीत टाकून द्या. हायड्रोजन सल्फाइडने माणूस मरेल इतक्या प्रमाणातही ज्योत तेवत राहते, आणि मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोट करते. ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडणं त्याहून घातक: जास्त ऑक्सिजनमध्ये तेलकट कपडे क्षणात पेटतात.

उतरणं टाळता येतं का, ते आधी बघा: बाहेरून जेट, सक्शन टँकर, लांब दांड्याचा खरवडा. टाळता येत नसेल तरच पुढचा क्रम, आणि तो दिवसाच.

आत येणाऱ्या सगळ्या लाइन बंद करून कुलूप लावा. नुसता व्हॉल्व्ह पुरत नाही. लाइन सुटी करा किंवा मध्ये बंद चकती बसवा. अॅजिटेटर (ढवळणारं यंत्र) आणि पंप विजेपासून तोडा. सगळी झाकणं उघडा, पण भोवती कठडा लावा. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा आणि टाकीच्या आकारमानाच्या साडेसातपट हवा आत जाईल इतका वेळ चालवा. हिशेब असा: ४ × ३ × ३ मीटरची टाकी म्हणजे ३६ घनमीटर, साडेसातपट म्हणजे २७० घनमीटर, ब्लोअर तासाला १,००० घनमीटरचा असेल तर साधारण १६ मिनिटं. पाइपला वळणं असतील तर दुप्पट धरा, कारण प्रत्येक वळणात हवा कमी होते. ब्लोअर ट्रकच्या किंवा जनरेटरच्या धुराजवळ ठेवू नका; तो धूरच आत जातो.

मग चार वायूंच्या डिटेक्टरने वर, मध्ये आणि तळाशी तपासा, प्रत्येक जागी किमान दोन मिनिटं. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, कार्बन मोनॉक्साइड २५ पीपीएमच्या खाली. एकही आकडा बाहेर असेल तर उतरायचं नाही. साधा चार वायूंचा डिटेक्टर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, म्हणून वायनरी आणि केळी चेंबरसाठी तो सेन्सर वेगळा मागून घ्या. डिटेक्टर वापरायच्या दिवशी टेस्ट गॅसने त्याचा आवाज येतो का ते बघा. सेन्सर दोन-तीन वर्षांत थकतात आणि थकलेला सेन्सर शून्य दाखवतो, म्हणजे दिसायला सगळं छान. उतरल्यावरही ब्लोअर चालू आणि डिटेक्टर अंगावरच, कारण गाळ हलवला की अडकलेला वायू पुन्हा सुटतो.

उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण शरीराचा हार्नेस, त्याला दोर, आणि दोर तोंडावरच्या तिकाटण्याच्या विंचला. कमरेचा पट्टा नको. बेशुद्ध माणूस त्यातून दुमडतो आणि मॅनहोलमधून निघत नाही. सत्तर किलोचं निर्जीव शरीर दोघांनाही हाताने सरळ वर ओढता येत नाही, म्हणून विंच ही चैन नाही. आतला दिवा २४ व्होल्टचाच. वर उभ्या असलेल्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, अगदी "जरा स्पॅनर आण" हेसुद्धा नाही.

यात नवं काही नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ मध्येच श्वसनसाधन, पट्टा आणि त्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, असं लिहिलेलं होतं. सेप्टिक टँक आणि गटारात सुरक्षासाधनांविना माणूस उतरवणं तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे: पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला ३० लाख रुपये भरपाई ठरवली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण रविवारी सकाळी चेंबर साफ करायला माणूस तेच बोलावतात.

माणूस कोणता, आणि त्याला काय द्यायचं

नवा माणूस निदान पंधरा रात्री जोडीनेच ठेवा. त्याने एकदा सायरन वाजवून, एकदा मेन बंद करून आणि एकदा १०८ ला काय सांगायचं ते तोंडाने बोलून दाखवल्याशिवाय त्याला एकटं सोडू नका. डबल ड्यूटी केलेल्याला तिसरी पाळी एकट्याला द्यायची नाही, बाकीचे कितीही जण रजेवर असोत.

फिट येणारा, इन्सुलिन घेणारा, नुकताच अँजिओप्लास्टी झालेला माणूस हे लपवतो, कारण नोकरी जाईल अशी भीती असते. आधीच सांगा की नोकरी जाणार नाही, जागा किंवा पाळी बदलेल. मग तो सांगेल. डॉक्टरांना त्या कामाचं वर्णन लिहून द्या. "रात्री एकटा, शिडी, उष्णता" हे वाचल्यावर त्यांचा सल्ला बदलतो.

वॉचमनला खाट द्या, उंच पायांची, भिंतीपासून सरकवलेली, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्री निघतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावा दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय असं कुणी सांगितलं तर आम्लपित्त समजू नका. प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चालवायचं नाही.

रात्रपाळीत महिला असतील तर त्यांची संमती हवी, येण्याजाण्याची गाडी दारापर्यंत हवी आणि गाडीतून उतरल्यावरचा फोन खुशालीच्या यादीत हवा. रोख रक्कम हाताळणाऱ्या किंवा लोकांशी एकट्याने गाठ पडणाऱ्या कुणालाही, पुरुष असो वा स्त्री, एक सांकेतिक वाक्य द्या, उदाहरणार्थ "निळी फाईल कपाटात आहे का?" फोनवर हे ऐकलं की घेणाऱ्याने काही न विचारता ११२ लावायचा. पैशासाठी झटापट करायची नाही, हेही लेखी द्या.

धावून जाणाऱ्याची तयारी

तो पोहोचला की आधी दारात थांबून बघायचं: तार लोंबते का, वास येतो का, यंत्र फिरतंय का. मेन बंद, मगच स्पर्श. त्यासाठी मेन स्विचपर्यंतची वाट फ्लोरोसंट बाणांनी दाखवा. त्याला तुमचा कारखाना अंधारात शोधायचा आहे. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. हे दोन तासांत शिकता येतं आणि वर्षाला पुन्हा करावं लागतं.

फोनशेजारी पाटीवर पूर्ण पत्ता लिहा: प्लॉट नंबर, गल्ली, जवळची खूण, कोणत्या गेटने यायचं. घाबरलेला माणूस स्वतःच्या कंपनीचा पत्ता विसरतो, आणि एमआयडीसीतल्या गल्ल्या रात्री सारख्याच दिसतात. रुग्णवाहिकेसाठी कोपऱ्यावर टॉर्च घेऊन एकजण उभा राहील, हेही आधीच नेमून द्या.

कायदा थोडक्यात

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० लागू आहे. कलम ६ प्रमाणे कामाची जागा धोकामुक्त ठेवणं मालकाचं काम आहे, आणि कलम १४ प्रमाणे धोका दिसला तर तो कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. सुरक्षेच्या कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही. माणूस ठेकेदाराचा आहे म्हणून हात झटकू नका. जागा, यंत्र आणि टाकी तुमची आहे. कंत्राटी वॉचमन आणि एएमसीवाले यांचीही नावं खुशालीच्या रजिस्टरमध्ये घाला आणि ठेकेदाराच्या करारात फोनच्या वेळा लिहा.

महिन्यातून एकदा चाचणी घ्या. ऑपरेटरला सांगून, बाकी कुणालाही न सांगता, पहाटे तीनचा फोन चुकवायला लावा आणि घड्याळ लावा. कुणीतरी धापा टाकत पंपघराच्या दारात येईपर्यंतची मिनिटं रजिस्टरच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. वीसपेक्षा जास्त झाली तर कुठे गेली ते शोधा: घेणारा झोपला होता, गेटची किल्ली सापडली नाही, की निघायचं कुणी हेच ठरलं नव्हतं. ते दुरुस्त करून त्याच आठवड्यात चाचणी पुन्हा घ्या.